फक्त सामानाचे पैसे

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ८ मार्च उलटून बरेच दिवस झालेले असतील. ठिकठिकाणच्या गटांनी पाठवलेले महिला दिनाचे वृत्तांत आतल्या पानांवर आहेतच. मोर्चे झाले, पथनाट्यं झाली, हळदीकुंकवाला पर्याय म्हणून विधवा, परित्यक्ता, एकट्या अशा सगळ्याजणींचे मेळावे झाले. आमच्या केंद्रातही कार्यक्रम झाला आणि त्यात आम्ही एक मोठा केक कापला. या वेळचं संपादकीय त्या केकबद्दल आहे.

केकवर संपादकीय? हिंसाचार, पोटगी, रेशन, जमिनीचे हक्क हे विषय संपले का, असं काही जणींना वाटेल. लिहायला बसेपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की पोटगी आणि श्रमाचं मोल हे दोन्ही विषय या केकमध्येच आहेत. शिवाय त्यात आमची स्वतःची एक चूकही आहे. ती झाकून ठेवून इतरांना उपदेश करणं बरं नाही.

ज्या मैत्रिणीची ही हकिगत आहे तिच्या परवानगीने लिहिते आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नाव अर्थातच देत नाही.

फेब्रुवारीच्या बैठकीत कार्यक्रमाची आखणी चालली होती. सत्तर बायका येतील असा अंदाज होता. खायला काय, यावर नेहमीसारखी चर्चा झाली. उपमा झाला, वडापाव झाला. मग वस्तीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, केक आणायचा का? आमच्याकडे मुलांचे वाढदिवस होतात, बायांचा कुणी करतच नाही." यावर आमच्या जुन्या कार्यकर्त्यांनी नाकं मुरडली. केक हे बाजारूपण आहे, दुकानदारांनी महिला दिनाचा सण करून टाकलाच आहे, त्यात आपली भर कशाला, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण वस्तीतल्या बायका ऐकेनात. त्यांच्यापैकी कित्येकींना आपली जन्मतारीख माहीत नाही. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी १ जून टाकली, तीच. त्यांना एकदा तरी आपल्या नावाचा केक हवा होता. शेवटी केक ठरला.

दुकानातला सात किलोचा केक परवडणार नव्हता. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आपली ती आहे ना, केक करते. घरचा होईल, चांगला होईल. सामानाचे पैसे देऊ." सगळ्यांना हायसं वाटलं. ठराव झाला, सामानासाठी १,५०० रुपये मंजूर झाले. इतिवृत्त मी लिहीत होते. 'केक : घरगुती. फक्त सामानाचे पैसे' हे शब्द माझ्याच अक्षरात आहेत. लिहिताना माझा हात जरासुद्धा थांबला नाही. ती स्वतः बैठकीला नव्हती. तिला फोन करून कळवलं आणि ती लगेच हो म्हणाली.

ही मैत्रीण तीन वर्षांपूर्वी केंद्रात आली. चौदा वर्षांचा संसार, मारहाण, शेवटी मुलीला घेऊन बाहेर. आता दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहते. मुलगी नववीत आहे. पोटगीचा अर्ज न्यायालयात आहे. केक करायला ती लग्नाआधी शिकली होती. बचत गटाच्या कर्जातून चाळीस लिटरचा ओव्हन घेतला. अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी केंद्राच्या मदतीने करून घेतली. आसपासच्या सोसायट्यांमधून वाढदिवसाच्या ऑर्डरी येतात, बहुतेक अर्धा किलो, एक किलोच्या. सात किलोचा केक तिनेही आधी केला नव्हता. एवढ्या कामाला जास्तीचे हात लागतील म्हणून ७ मार्चला सुट्टी काढून मी तिच्याकडे गेले. समाजकार्याची पदवी घेतली, दहा-बारा वर्षं वस्त्यांमधून काम केलं, 'घरकामाचं अदृश्य श्रममूल्य' या विषयावर शिबिरं घेतली. पण एक मोठा केक होताना सकाळपासून रात्रीपर्यंत शेजारी उभं राहून मी पहिल्यांदाच पाहिला.

तिने आधी कागदावर हिशेब मांडला होता. माणशी शंभर ग्रॅम, म्हणजे सात किलो. १८ इंच लांब, १२ इंच रुंद, दोन थर. २ इंच बाय दीड इंचाचे तुकडे पाडले की लांबीत नऊ, रुंदीत आठ, म्हणजे बहात्तर तुकडे होतात. पण १८ इंचांचा ट्रे तिच्या ओव्हनमध्ये मावत नाही. म्हणून १२ बाय ९ इंचांचे चार केक वेगवेगळे भाजायचे, दोन खाली शेजारी शेजारी, दोन वर, आणि क्रीमखाली सांधा झाकायचा. येणाऱ्यांपैकी बऱ्याचजणी अंडं खात नाहीत म्हणून दह्याचा केक. एका ट्रेला पावणेचारशे ग्रॅम मैदा, चारशे ग्रॅम साखर, अर्धा किलो दही, पेलाभर तेल, वर बेकिंग पावडर, सोडा, व्हॅनिला. असं चार वेळा.

"सगळं एकदमच का कालवत नाही?" मी विचारलं. ती हसली. "ताई, सोडा दह्याला लागला की लगेच कामाला लागतो. बुडबुडे येतात ते ओव्हनमध्ये यायला हवेत, पातेल्यात येऊन उपयोग नाही. पहिला भाजेपर्यंत बाकीचं पीठ बसून जाईल." म्हणून प्रत्येक ट्रेचं पीठ वेगळं चाळायचं, वेगळं कालवायचं, तेही हलक्या हाताने, कारण फार घोटलं तर मैद्याला चिवटपणा येतो आणि केक चामट होतो. ट्रेला तेलाचा हात, तळाला बटर पेपर. १७० अंशांवर पाऊण तास. त्या पाऊण तासात ओव्हनचं दार उघडायचं नाही, पण घर सोडून कुठे जायचंही नाही. मधल्या वेळात तिने भाजी फोडणीला टाकली, पाणी भरलं, मुलीची गणितं पाहिली. घरबसल्या उद्योग म्हणतात तो हा. मी असेपर्यंत ती एकदाही बसली नाही.

तिसरा ट्रे आत असताना वीज गेली, वीस मिनिटांसाठी. वीज आल्यावर उघडून पाहिलं तर मधोमध खड्डा. अर्धवट फुगलेला केक गार होऊ लागला की पीठ आपला भार पेलू शकत नाही, खाली बसतो आणि परत वर येत नाही. ती काही बोलली नाही. ट्रे बाजूला ठेवला, मुलीला दुकानात पिटाळून दही आणि तेल मागवलं आणि परत चाळायला बसली. एखाद्या कारखान्यात असं झालं तर नुकसान मालकाचं. इथे कुणाचं, ते मला संध्याकाळी कळलं.

चारही केक जाळीवर काढून पूर्ण गार होऊ द्यावे लागतात. कोमट केकवर क्रीम लावलं तर ते वितळून ओघळतं. गार झाल्यावर करवतीच्या दात्यांसारख्या सुरीने वरचे फुगवटे कापून सपाट करायचे, नाहीतर थर डुगडुगतो. मग साखरेचं पाणी ब्रशने लावायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोरडा लागत नाही. क्रीम फेसताना तिने पातेलं बर्फाच्या परातीत ठेवलं. पुण्यातला मार्च म्हणजे उन्हाळाच, आणि गरम हवेत क्रीम उभं राहत नाही. दीड लिटर क्रीम तीन वेळा थोडं थोडं करून फेसलं. एकदा सगळीकडून पातळ थर द्यायचा, त्यात केकचा भुगा अडकून बसतो. मग थंड करायचं, मग दुसरा जाड थर देऊन पट्टीने गुळगुळीत करायचा.

थंड करायचं म्हटल्यावर नवीच अडचण. १८ इंचांचा केक तिच्या एकदारी फ्रिजमध्ये कसा बसणार? तिने तेही आधीच ठरवून ठेवलं होतं. दोन अर्धे केक दोन वेगवेगळ्या पुठ्ठ्यांवर. एक तिच्या फ्रिजमध्ये, त्यासाठी दूध, भाज्या, कणिक सगळं बाहेर. दुसरा शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये. काकूंनी आपल्या घरातली कैरीची डाळ आणि ताक बाहेर काढून जागा करून दिली आणि बदल्यात काही मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन खोकी मांडीवर घेऊन आम्ही दोघी दोन रिक्षांतून निघालो. प्रत्येक गतिरोधकाला जीव मुठीत. केंद्रात पोचल्यावर दोन्ही अर्धे जोडले, सांध्यावर क्रीमची वेलबुट्टी काढली आणि मग अक्षरं. 'स्त्रीमुक्ती झिंदाबाद' लिहायचं ठरलं होतं. क्रीमच्या नळीतून 'स्त्री' आणि 'क्त' काढणं किती अवघड असतं, ते करून पाहा. तिने आदल्या रात्री ताटात पिठीसाखर पसरून त्यावर बोटाने सराव केला होता.

केक सुंदर झाला. बायका बघतच राहिल्या. ज्या मावशींना जन्मतारीख माहीत नव्हती त्यांच्या हातात सुरी दिली. प्रत्येकीला तुकडा मिळाला. आमच्या जुन्या कार्यकर्त्यांनीही दोन दोन खाल्ले. टाळ्या झाल्या, फोटो झाले.

आता ७ तारखेच्या संध्याकाळकडे परत जाते. भांडी विसळताना ओट्यावरची तिची वही दिसली. ऑर्डर, सामान, आलेले पैसे, उरलेले पैसे, असे रकाने. आमची ऑर्डरही लिहिलेली होती. आलेले १,५००. सामान १,७१०. बसून गेलेल्या ट्रेमुळे दोनशे दहा रुपये तिच्या खिशातून गेले होते. म्हणजे आम्ही म्हणालो होतो फक्त सामानाचे पैसे, ते सुद्धा पुरते दिले नव्हते.

तिच्या नेहमीच्या दराने, किलोला ७००, हा केक ४,९०० रुपयांचा होता. तासांचा रकाना तिच्या वहीत नव्हता. तो आम्ही दोघींनी मिळून भरला. खरेदी आणि बोहरी आळीतून पुठ्ठे-खोकी आणणं, दोन तास. कालवणं आणि भाजणं, बसलेला ट्रे धरून, साडेपाच तास. कापणं, जोडणं, क्रीम, साडेतीन तास. भांडी एक तास. नेणं आणि तिथे जोडून लिहिणं दीड तास. एकूण साडेतेरा तास. मी हाताशी होते ते वेगळं. वीजबिल, ओव्हनचा हप्ता, बिघडलेल्या ऑर्डरी हे रकाने अजून बाकीच आहेत.

मी विचारलं, "तुम्ही दर का सांगितला नाहीत?" ती म्हणाली, "ताई, तुम्ही लोकांनी माझ्यासाठी एवढं केलंय. तुमच्याकडे पैसे कुठल्या तोंडाने मागू?"

मैत्रिणींनो, हे उत्तर ऐकून मला बरं वाटायला हवं होतं का? मला तर खोल कुठेतरी टोचलं. आम्ही तिच्यासाठी जे केलं ते आमचं काम आहे. पोलीस चौकीत तिच्यासोबत बसले, वकिलाकडे गेले, त्या दिवसांचा मला पगार मिळाला आहे. थोडा असेल, उशिरा मिळाला असेल, पण मिळाला. ती मात्र आमच्या कामाचे उपकार समजून आपल्या श्रमाने फेडते आहे. आणि तिने नाही म्हणायची सोयच आम्ही ठेवली नव्हती, कारण ठराव तिच्या माघारी झाला होता. सासरी तिला नेमकं हेच सांगितलं जायचं. 'तुला छप्पर दिलंय, खायला घालतो, मग केलं चार माणसांचं तर काय बिघडलं?' शब्द वेगळे, पण रीत तीच.

या गोष्टीची दुसरी बाजू न्यायालयात आहे. लग्नाच्या चौदा वर्षांत ती घरात दोन्ही वेळचा स्वयंपाक, सासूसासऱ्यांचं आजारपण, मुलीचं सगळं आणि घरातल्या प्रत्येकाच्या वाढदिवसाचा केक करत होती. तेव्हा सगळ्या कागदांवर तिच्या नावापुढे 'काही करत नाही, घरीच असते' असं होतं. आता तिने पोटगी मागितल्यावर नवऱ्याच्या बाजूने तिच्या केकचे फोटो दाखल झाले आहेत. ती महिन्याला चाळीस हजार कमावते, तिला पोटगीची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. तोच हात, तोच केक. घरात केला तेव्हा शून्य किमतीचा. पोटगी टाळायची तेव्हा चाळीस हजारांचा. आणि महिला दिनाला, आमच्याकडे, परत शून्य!

अशा युक्तिवादाला उत्तर आहे आणि ते आपल्या प्रत्येक कार्यकर्तीला माहीत हवं. पोटगीसाठीचं दंड प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आपल्या ओळखीचं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने शैलजा विरुद्ध खोब्बण्णा या २०१७ च्या निकालात सांगितलं की बाई कमावू शकते आणि बाई प्रत्यक्षात कमावते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रजनेश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालाने दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं असं बंधन घातलं, आणि पत्नी काही कमावते एवढ्यानेच तिचा पोटगीचा हक्क जात नाही हेही स्पष्ट केलं. ती लग्नाच्या घरात ज्या राहणीत राहत होती ती त्या कमाईत भागते का, हे पाहावं लागतं.

पण यासाठी प्रतिज्ञापत्रात खरे आकडे लागतात. काही बायका भीतीने उत्पन्न लपवतात आणि मग एका फोटोवरून खोट्या ठरतात. आमच्या मैत्रिणीची वही इथे कामाला आली. बारा महिन्यांच्या नोंदी, सामानाच्या पावत्यांसकट. सगळा खर्च जाता तिच्या हाती महिन्याला सरासरी ६,८०० रुपये राहतात. चाळीस हजार कुठे आणि हे कुठे! प्रकरण अजून चालू आहे, निकाल काय लागेल सांगता येत नाही. पण ती आता नुसत्या शब्दांवर उभी नाही.

हे एकटीपुरतं नाही हे तुम्हाला सांगायला नको. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरच्यांसाठी बिनपैशाचं घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांचीही नऊ! २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी, कैदी यांच्याबरोबर 'काम न करणारे' या गटात टाकलं होतं. २०१० मध्ये अरुण कुमार अग्रवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत टीका केली. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स प्रकरणात गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरणं म्हणजे तिच्या श्रमाची दखल घेणं आहे, असं न्यायालय म्हणालं. पण हे दोन्ही खटले अपघातात मेलेल्या बायकांच्या नुकसानभरपाईचे आहेत. बाई गेल्यावर तिच्या कामाला किंमत येते. ती ओट्यापाशी उभी असताना येत नाही.

चळवळीसाठी हा प्रश्न नवा नाही. १९७२ मध्ये इटलीत मारियारोझा दाल्ला कोस्ता, सेल्मा जेम्स आणि त्यांच्या सोबतिणींनी घरकामाला वेतन द्या ही मागणी पुढे आणली. २४ ऑक्टोबर १९७५ ला आइसलँडच्या बहुसंख्य बायकांनी एक दिवस घरातलं आणि बाहेरचं सगळं काम थांबवलं आणि देश ठप्प झाला. आपल्याकडे त्याच वर्षी प्रेमा पुरव यांनी मुंबईत गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. या बायका गिरणी कामगारांना जेवू घालत होत्या, पण सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. त्यांचा स्वयंपाक हे कष्टाचं काम आहे, त्याच्यावर बँकेने कर्ज द्यायला हवं, हे मान्य करून घ्यायला लढावं लागलं. त्याआधी १९५९ मध्ये गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं पुढे लिज्जत झालं. म्हणजे चुलीपाशी शिकलेलं कसब हे कसबच आहे आणि त्याला दाम मिळायला हवा, हे आपण पन्नास-साठ वर्षं सांगत आलो. आणि आपल्याच बैठकीत विसरलो.

इथे एक शंका मनात येते, ती मांडते. प्रशिक्षण म्हटलं की आपण बायकांना शिवण, पापड, मसाले आणि आता केक शिकवतो. बाईला परत स्वयंपाकघरातच पाठवतो आहोत का? काही प्रमाणात, हो. घरातून काम असलं की नवऱ्याला, सासूला चालतं, मुलांकडे लक्ष राहतं, म्हणून बाईही तेच निवडते आणि दोन्ही कामांचा भार तिच्यावरच येतो. पण आमच्या मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणते, "मला हे आवडतं. सकाळी नुसतं पीठ असतं आणि दुपारी घरभर वास सुटतो." तिचं आवडतं काम आहे म्हणून ते फुकट असावं, असं मात्र नाही. डॉक्टरला डॉक्टरी आवडते म्हणून कुणी फी बुडवत नाही.

मार्चअखेरच्या बैठकीत मी वहीतले आकडे मांडले. वाद झाला. एक ज्येष्ठ कार्यकर्ती दुखावल्या. त्या म्हणाल्या, "मग आम्ही तीस वर्षं फुकट राबलो, त्याचं बिल कुणाला लावू? सतरंज्या आम्हीच घातल्या, पोस्टर आम्हीच रंगवले. चळवळीत सगळ्याचा हिशेब करायला लागलो तर आपल्यात आणि दुकानात फरक काय?" त्यांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ही पत्रिकासुद्धा आपल्यातल्या कित्येकींच्या बिनपगारी श्रमावर निघते.

बराच वेळ बोलून आम्ही एवढ्यापर्यंत पोचलो. स्वेच्छेचं काम म्हणजे ज्याला मोकळेपणी नाही म्हणता येतं ते. जिच्या हातात दुसऱ्या उत्पन्नाचा आधार आहे तिची स्वेच्छा आणि जिची चूल त्याच कामावर पेटते तिची स्वेच्छा सारखी नसते. तुम्ही शिक्षिका असाल आणि रविवारी सतरंज्या घातल्यात तर तो तुमचा वाटा आहे. पण जी केक विकून भाडं भरते तिच्याकडून केक फुकट घेणं म्हणजे तिच्या भाड्यातून वर्गणी कापून घेणं आहे. शिवाय जी आपल्याकडे मदत मागायला आलेली आहे, तिच्याकडे आपण काही मागताना तिच्या 'हो'वर सहज विश्वास ठेवू नये.

ठराव झाला. उरलेले ३,४०० रुपये तिला द्यायचे. आधी ती घेईना. मग मी म्हटलं, "पावती करून द्या, आम्हाला हिशेबाला लागते." तिने मुलीच्या वहीतल्या पानावर पावती लिहिली. केक, सात किलो, ४,९०० रुपये, खाली सही. तिची झेरॉक्स तिच्या वकिलांच्या फाइलमध्ये गेली, कारण लपवायचं काही नाही.

पुढच्यासाठी आम्ही काही गोष्टी ठरवल्या. एखादीचं कसब हवं असेल तर ती हजर असताना तिला विचारायचं आणि दर आधी तिने सांगायचा. परवडत नसेल तर लहान केक मागवायचा. प्रत्येक बचत गटात वहीत तासांचा रकाना सुरू करायचा. सामान, वीज, भाडं, वाया गेलेलं आणि वेळ, सगळं धरून दर कसा काढायचा याचं एक दिवसाचं शिबिर घ्यायचं. ते आमच्या मैत्रिणीने घ्यायचं, मानधन घेऊन.

एवढं ठरवून बैठक संपली तेव्हा केंद्रातल्या मावशी चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांची वेळ पाचपर्यंत असते. साडेसात वाजले होते. अडीच तासांचं काय, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तो विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर पहिला घेतला आहे.

तुमच्या गटात काय होतं? कार्यक्रमाचा स्वयंपाक कोण करतं, कप कोण विसळतं, पैसे कुणाला मिळतात आणि कुणाला नुसते आभार? बैठकीत एकदा हा प्रश्न मांडून पाहा आणि काय झालं ते आम्हाला लिहून पाठवा. भांडण झालं असेल तर तेही लिहा. पुढच्या अंकात त्या पत्रांसाठी पानं राखून ठेवत आहोत.

— संपादक मंडळाच्या वतीने